राइट बंधूंच्या मागावर आठ दिवस: मूळ किती, नवं किती

राइट बंधूंच्या स्मारकांची गंमत अशी, की त्यांची वस्तू जिथली तिथे क्वचितच सापडते. धाकटे बंधू ऑर्व्हिल जन्मले ते घर ओहायोत होतं, आज ते मिशिगनमध्ये उभं आहे. विमान उडलं उत्तर कॅरोलिनात, आहे वॉशिंग्टनमध्ये, आणि मधली वीस वर्षं ते लंडनला होतं. विमानाच्या कापडाचा एक तुकडा तर मंगळावर आहे. त्यामुळे हा प्रवास नकाशापेक्षा वस्तूंच्या मागावर केलेला बरा. प्रत्येक पेटीसमोर दोनच प्रश्न विचारायचे: यातलं मूळ किती, आणि ते इथवर कुणाच्या हातून आलं? पाटी नीट वाचली तर दोन्हींची उत्तरं बहुतेक ठिकाणी मिळतात. ‘मूळ’, ‘दुरुस्त केलेलं’, ‘प्रतिकृती’ हे तीन शब्द पाटीवर आधी शोधायचे, बाकी मजकूर नंतर.

मार्ग असा: ओहायोतलं डेटन, वापाकोनेटा, डिअरबॉर्न, वॉशिंग्टन, किल डेव्हिल हिल्स. गाडीने एकूण साधारण १,००० मैल. मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ चांगला. १७ डिसेंबरचा, म्हणजे १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचा, वर्धापनदिन गाठायचा मोह होतो, पण डिअरबॉर्नचं ग्रीनफिल्ड व्हिलेज हे जुन्या इमारतींचं खुलं संग्रहालय हिवाळ्यात दिवसा धड उघडं मिळत नाही आणि त्या दिवसात समुद्रकिनाऱ्यावरचा वारा उभं राहू देत नाही. दोन्हीपैकी एक निवडावं लागतं.

पहिला दिवस: डेटन, पश्चिमेची वस्ती

सुरुवात २२, साउथ विल्यम्स स्ट्रीट. ही राइट बंधूंची सायकलची इमारत, १८९५ ते १८९७ या काळातली. दुकानाच्या जागा त्यांनी अनेकदा बदलल्या. डेटनमध्ये जागेवर उभं राहिलेलं त्यांचं सायकल-दुकान हेच. पुष्कळांचा समज होतो की विमान इथे बांधलं. तसं नाही. विमानाचे भाग बनले ते दुकान इथून जवळ, ११२७ वेस्ट थर्ड स्ट्रीटवर होतं. ते हेन्री फोर्ड यांनी विकत घेऊन उचलून नेलं. ते चौथ्या दिवशी भेटेल. विल्यम्स स्ट्रीटच्या दुकानात त्यांनी दुसऱ्यांच्या सायकली विकता विकता स्वतःच्या बनवायला घेतल्या, आणि वरच्या मजल्यावर छापखाना चालवला. चेन, दातेरी चाकं, तारांचे ताण, हबचे बेअरिंग हे सगळं आधी इथे नीट बघून ठेवावं. वॉशिंग्टनला विमानासमोर उभं राहिल्यावर त्याचा उपयोग होतो.

शेजारच्या माहिती केंद्रात राष्ट्रीय उद्यानांच्या पासपोर्ट-वहीत शिक्का मारून मिळतो: जागेचं नाव आणि तारीख. फुकट, खरा आणि तारीखवार. या प्रवासात जमवण्यासारखी सगळ्यात प्रामाणिक आठवण हीच. शाई ओली असताना वही मिटली की शिक्का समोरच्या पानावर उमटतो. टिपकागदाचा एक तुकडा वहीतच ठेवावा, आणि पहिला ठसा नेहमी कोऱ्या कागदावर मारून बघावा. तारखेचं चाक आदल्या दिवशीवर अडकलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

७, हॉथॉर्न स्ट्रीट हा पत्ता चालत पाच-दहा मिनिटांवर. ऑर्व्हिल इथे १९ ऑगस्ट १८७१ ला जन्मले आणि थोरले बंधू विल्बर इथेच ३० मे १९१२ ला विषमज्वराने गेले. घर इथे नाही. तरीही जावं, कारण घर आणि दुकान यांच्यातलं अंतर पायांना कळलं की त्या दोघांचा रोजचा दिवस किती आटोपशीर होता ते कळतं.

दुपारी वुडलँड दफनभूमी. फाटकावर नकाशा मिळतो, तो घेतल्याशिवाय आत शिरू नये. चढउतार भरपूर आहेत आणि रस्ते वळसे घेतात. आईवडील, विल्बर, ऑर्व्हिल आणि बहीण कॅथरीन यांची थडगी एकत्र आहेत. दगड साधे, कसलाही डामडौल नाही. त्यांचा शाळासोबती, कवी पॉल लॉरेन्स डनबार हेही याच दफनभूमीत आहेत. लोक थडग्यावर नाणी आणि खेळण्यातली छोटी विमानं ठेवून जातात. धातूच्या वस्तूंचा गंज पावसाने दगडात उतरतो आणि तो डाग निघत नाही. काही ठेवायचंच असेल तर फूल ठेवावं. दगडावर कागद धरून पेन्सिलने अक्षरं घासून उतरवायची हौस असते अनेकांना. जुना दगड त्याने झिजतो, भुगा सुटतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना फोटो काढला तर कोरलेलं अक्षर न् अक्षर वाचता येतं.

दिवस मावळायच्या आत हॉथॉर्न हिल: १९१४ मध्ये पूर्ण झालेला मोठा पांढरा बंगला. घराची आखणी झाली तेव्हा विल्बर होते, राहायला जायच्या वेळी नव्हते. ऑर्व्हिल इथे १९४८ पर्यंत राहिले. आतून पाहायचं तर तिकीट आधी काढावं लागतं आणि ठरलेल्या वेळीच सोडतात. बाहेरून पाहायला काही लागत नाही.

दुसरा दिवस: कॅरिलन पार्क आणि हफमन प्रेअरी

या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं विमान कोणतं असं विचारलं तर बहुतेक जण १९०३ चं सांगतील. जाणकार डेटनच्या कॅरिलन पार्क या इतिहास-उद्यानातल्या १९०५ च्या ‘फ्लायर ३’ चं नाव घेतात. १९०३ चं यंत्र उडलं, हे खरं, पण सरळ रेषेत आणि मिनिटभराच्या आत. १९०५ चं यंत्र वळलं, गोल फिरलं, आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला सुमारे ३९ मिनिटांत २४ मैल हिंडून, इंधन संपलं म्हणून उतरलं. उपयोगाचं विमान म्हणतात ते हे.

मूळ किती? बरंच. १९०८ मध्ये दोघं ते किल डेव्हिल हिल्सला घेऊन गेले, पालथं झोपून चालवायच्या ऐवजी दोन माणसं बसतील असं बदललं, आणि १४ मे १९०८ ला ते आपटलं. मोडकं यंत्र तिथल्याच शेडमध्ये टाकून ते परतले. पुढे काही भाग गावकऱ्यांकडे गेले, काही मॅसॅच्युसेट्सच्या एका संग्रहालयात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते गोळा झाले आणि जोडणी ऑर्व्हिल यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. पूर्ण झालेलं पाहायला ते राहिले नाहीत. विमान खोलगट जागेत ठेवलं आहे, म्हणजे कठड्याशी उभं राहून आपण त्याच्याकडे वरून बघतो. ही कल्पना ऑर्व्हिल यांचीच, आणि ती नामी आहे: वरून बघितल्याशिवाय पंखांचा पीळ समजत नाही. राइटांचं विमान पंखांची टोकं पिळून तोल सांभाळत असे. वरच्या पंखाच्या मागच्या कडेपासून तार कुठे जाते ते डोळ्यांनी धरून पुढे सरकावं. ती कप्पीवरून खाली उतरते आणि चालकाच्या कमरेखालच्या पाळण्याकडे येते. १९०३ मध्ये शेपटीचं सुकाणूही त्याच पाळण्याला जोडलेलं होतं. १९०५ मध्ये ते सोडवून वेगळ्या दांड्याला दिलं. वळणावर विमान घसरत का होतं याचं उत्तर याच बदलात मिळालं.

याच इमारतीत पहिल्या उड्डाणाचा फोटो ज्या कॅमेऱ्याने काढला तो कॅमेरा आहे. लोक पुढे निघून जातात. थांबावं. लाकडी पेटी, भाता, काचेची प्लेट. जगातला कुठला दुसरा कॅमेरा एका चाप दाबण्यावर इतका ओळखला जात असेल असं वाटत नाही. त्या प्लेटचं पुढे काय झालं ते सहाव्या दिवशी.

आणि मंगळाचा तुकडा इथूनच गेला. इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखालच्या वायरीला टपालतिकिटाएवढा मलमलीचा तुकडा चिकटपट्टीने गुंडाळला होता. १९०३ च्या फ्लायरचं हे कापड कॅरिलन पार्कने दिलं. १९ एप्रिल २०२१ ला ते यंत्र मंगळावर उडलं.

दुपारी हफमन प्रेअरी: १९०३ च्या उड्डाणानंतर राइट बंधूंनी उडण्याचा सराव केला ते कुरण. ८४ एकर गवत, लष्करी तळाच्या आत. पर्यटकांसाठी वेगळं फाटक आहे, १६ ए. तिथून जायला तळाचं ओळखपत्र लागत नाही. पण तळावर सराव असला की फाटक बंद, आणि त्याची पूर्वसूचना रस्त्यावर मिळत नाही. सकाळी फोन करूनच निघावं. तळाचं मुख्य फाटक चुकून पकडलं तर परत फिरवतात आणि वेळ जातो.

इथे मूळ वस्तू एकही नाही. शेड नवी, उड्डाणाचा मनोराही नवा. मूळ आहे ती जमीन, आणि ती तेवढ्यासाठीच पाहायची. किटी हॉकला, म्हणजे १९०३ चं उड्डाण झालं त्या किल डेव्हिल हिल्सच्या परिसरात, समुद्रावरचा जोरदार वारा होता. इथे वारा मंद आणि जमीन उंचसखल. रुळावरून धावत वेग मिळेना. मग ७ सप्टेंबर १९०४ पासून मनोऱ्याचा उपयोग सुरू झाला: वर खेचलेलं वजन सोडायचं, ते खाली पडताना दोर कप्प्यांवरून फिरून विमान रुळावर पुढे ओढायचा. वजन १,६०० पौंडांपर्यंत जाई. मनोऱ्यापाशी उभं राहून दोराची वाट शोधावी: वजनापासून वर, मनोऱ्यावरून खाली, रुळाच्या बुडाशी, पार पुढच्या टोकाला जाऊन कप्पीला वळसा घालून परत विमानाकडे. वजन मागे पडतं आणि विमान पुढे जातं ते या वळशामुळे. २० सप्टेंबर १९०४ ला विल्बर यांनी इथे विमानाची पहिली पूर्ण फेरी मारली. गवतात किडे आणि गोचिड असतात. पायघोळ पँट आणि बंद बूट हवेतच.

गाडीने थोडं पुढे टेकडीवर राइट स्मारक: १७ फुटी गुलाबी ग्रॅनाइटचा स्तंभ. अनावरण १९ ऑगस्ट १९४० ला झालं, ऑर्व्हिल यांच्या ६९ व्या वाढदिवशी, ते स्वतः हजर असताना. स्तंभापेक्षा जवळचा धातूचा फलक वाचावा. हफमन प्रेअरीवर उडायला शिकलेल्या ११९ जणांची नावं त्यावर आहेत. नाव शोधायचं असेल तर आधी यादी करून आणावी, उन्हात ११९ नावं चाळताना डोळे पाणावतात.

तिसरा दिवस: हवाई दलाचं संग्रहालय, मग वापाकोनेटा

अमेरिकी हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय: सकाळी ९ ते ५, प्रवेश फुकट. सगळं पाहायला दोन दिवस लागतात. त्यामुळे आधीच ठरवून एकाच गोष्टीसाठी जावं, आणि ती गोष्ट म्हणजे डूलिटल छाप्याचे चांदीचे पेले.

१८ एप्रिल १९४२ ला विमानवाहू जहाजावरून १६ बी-२५ विमानं जपानवर गेली. प्रत्येकात पाच, एकूण ८० माणसं. १९५९ मध्ये टूसॉन शहराने त्यांना ८० पेले भेट दिले. दरवर्षीच्या मेळाव्यात हयात सहकारी दिवंगतांसाठी पेला उचलत आणि गेलेल्या माणसाचा पेला उलटा करून ठेवत. आता नीट बघा: प्रत्येक पेल्यावर नाव दोनदा कोरलेलं आहे, एकदा सुलटं, एकदा उलटं. पेला पालथा झाला तरी नाव वाचता यावं म्हणून. कोरणाऱ्याने १९५९ मध्येच, सगळे पेले उभे असतानाच, शेवटचा विचार करून ठेवला होता. सोबत १८९६ ची कोन्याकची बाटली आहे. १८९६ हे छाप्याचे नेते डूलिटल यांचं जन्मवर्ष. शेवटच्या दोघांनी ती उघडायची असं ठरलं होतं, पण वयं बघून ९ नोव्हेंबर २०१३ ला याच संग्रहालयात ती उघडली गेली. शेवटचे हयात सदस्य रिचर्ड कोल, मूळचे डेटनचेच, ९ एप्रिल २०१९ ला गेले. आता सगळे पेले पालथे आहेत.

पेटीच्या काचेत दिव्यांचं प्रतिबिंब पडतं आणि फोटोत चांदी जळते. फ्लॅश बंद, गडद कपडे अंगावर, लेन्स काचेला जवळजवळ टेकवून थोडी तिरपी धरायची. उलटी नावं तेव्हाच उमटतात.

एकच्या सुमाराला निघावं. वापाकोनेटा उत्तरेला सुमारे ६० मैल, तासाभराचा रस्ता. नील आर्मस्ट्राँग यांचं गाव. त्यांच्या नावाचं संग्रहालय २० जुलै १९७२ ला उघडलं. इथे त्यांनी अंतराळात नेलेलं जेमिनी ८ चं मूळ यान आहे, चंद्रावरचा दगड आहे, आणि ज्या प्रकारच्या छोट्या विमानांवर वैमानिक घडले त्यातलं एक एरोन्का, ज्यावर आर्मस्ट्राँग यांनी उडायचे धडे घेतले. सोळाव्या वर्षी त्यांना उड्डाणाचा परवाना मिळाला. जेमिनी ८ च्या तळाची करपलेली ढाल हाताच्या अंतरावरून दिसते; खड्डे, ओघळ, रंगाचा बदल. आर्मस्ट्राँग यांचं थडगं शोधत इथे येणारे निराश होतात. २०१२ मध्ये त्यांचं समुद्रात विसर्जन झालं, थडगं कुठेच नाही.

आठवणींच्या वस्तू जमवणाऱ्यांनी इथे थोडं सावध व्हावं, कारण आर्मस्ट्राँग यांच्या सहीइतकी बनावट सही क्वचितच दुसऱ्या वैमानिकाची निघते. त्यांनी १९९४ पासून सह्या देणं थांबवलं. त्यानंतरच्या तारखेच्या सहीकडे संशयानेच पाहायचं. दुसरा धोका ऑटोपेन यंत्राचा: नासाच्या काळात पत्रांना उत्तरं देताना यंत्राने सह्या होत असत. ओळखायची रीत सोपी आहे. दोन सह्यांचे एकाच मापाचे फोटो एकमेकांवर ठेवून उजेडाला धरावेत. तंतोतंत जुळल्या तर यंत्र. माणूस दोनदा एकसारखी सही करूच शकत नाही. शिवाय यंत्राच्या रेषेचा दाब सगळीकडे सारखा असतो, आणि सुरुवातीला व शेवटी शाईचा ठिपका साचतो.

आणखी एक: आर्मस्ट्राँग अपोलो ११ मध्ये १९०३ च्या फ्लायरच्या पंखाच्या कापडाचे आणि पंख्याच्या लाकडाचे तुकडे चंद्रावर घेऊन गेले होते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या संग्रहातल्या वस्तू लिलावात आल्या, त्यात हे तुकडेही होते. अशा तुकड्याची किंमत कापडाला नसते, सोबतच्या कागदाला असते. राइटांचं कापड ही साधी न धुतलेली मलमल होती. तसल्या जुन्या मलमलीचा तुकडा मिळवणं अवघड नाही. तो फ्लायरचाच आहे हे फक्त पत्र सांगतं: कुणी, कुणाला, कधी दिला. त्या साखळीतली एक कडी गाळलेली असेल तर वस्तू हातात असूनही नसल्यासारखी.

चौथा दिवस: डिअरबॉर्न

वापाकोनेटापासून सुमारे १४० मैल. ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये राइटांचं घर आणि ११२७ वेस्ट थर्ड स्ट्रीटचं दुकान शेजारीशेजारी उभं आहे. डेटनमध्ये ते शेजारी नव्हते. पहिल्या दिवशी चाललेलं अंतर इथे नाहीसं झालेलं आहे, आणि ते खटकतं. खटकायलाच हवं. फोर्ड यांनी इमारती १९३६-३७ मध्ये हलवल्या आणि १६ एप्रिल १९३८ ला, विल्बर यांच्या वाढदिवशी, त्या खुल्या केल्या. ऑर्व्हिल तेव्हा हयात होते आणि घर कसं लागलेलं होतं ते त्यांनीच सांगितलं, म्हणून आतल्या मांडणीवर विश्वास ठेवता येतो. स्थळ खोटं, खोली खरी.

दुकानासाठी फोर्ड यांच्या माणसांनी चार्ली टेलर यांना शोधून आणलं. ते लॉस एंजेलिसमध्ये यंत्रशाळेत काम करत होते. १९०३ चं इंजिन याच टेलर यांनी सहा आठवड्यांत बनवलं: चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचा क्रँककेस, सुमारे १२ अश्वशक्ती. हत्यारं म्हणाल तर लेथ, ड्रिल प्रेस आणि हाताची हत्यारं. दुकानाच्या मागच्या भागात वर बघा: छताजवळ एक लांब दांडा, त्यावर पुल्या, त्यांवरून उतरणारे चामडी पट्टे. एकाच इंजिनावर सगळी यंत्रं चालत. मागच्या खोलीत गर्दी नसते. मार्गदर्शक मोकळा असेल तर पट्टा कसा सरकवायचा ते दाखवायला सांगावं.

शेजारच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ध्रुवसंशोधक बर्ड यांनी १९२९ मध्ये दक्षिण ध्रुवावरून नेलेलं फोर्ड ट्रायमोटर ‘फ्लॉइड बेनेट’ आहे. अर्धा तास पुरे.

पाचवा दिवस: रस्ता

डिअरबॉर्न ते वॉशिंग्टनच्या पश्चिमेचं शँटिली, ५०० मैलांच्या आसपास. पहाटे निघालं तर दुपार कलताना पोचतो. बघण्यासारखं काही नाही. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाचा फुकट वेळ-पास अजून काढला नसेल तर आज काढावा, दुपारचा घ्यावा.

सहावा दिवस: लँग्ली आधी, फ्लायर नंतर

हा क्रम मुद्दाम. सकाळी शँटिलीचं उडवार-हेझी केंद्र: प्रवेश फुकट, गाडी लावायला पैसे. बहुतेक लोक डिस्कव्हरी यानाकडे धावतात. तुम्ही लँग्ली यांचं ‘एरोड्रोम ए’ शोधा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांचं हे यंत्र १९०३ मध्ये पोटोमॅक नदीवरच्या तरंगत्या घरावरून दोनदा सोडलं, ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबरला. दोन्ही वेळा ते थेट पाण्यात गेलं. दुसऱ्या वेळेनंतर नऊ दिवसांनी किटी हॉक.

इथवर ठीक होतं. पण १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी या यंत्रात बरेच बदल करून ते पाण्यावरून थोडं उचललं, आणि स्मिथसोनियनने पाटी लावली की माणसासह उडण्याची क्षमता असलेलं पहिलं विमान हेच. कर्टिस आणि राइट यांचं तेव्हा पेटंटवरून भांडण चालू होतं, हेही लक्षात घ्यायचं. ऑर्व्हिल यांनी वाट पाहिली आणि १९२८ मध्ये १९०३ चं फ्लायर लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवायला पाठवलं. १९४२ मध्ये स्मिथसोनियनने केलेले बदल छापून चूक कबूल केली. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ ला गेले, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला विमान वॉशिंग्टनमध्ये मांडलं गेलं. किंमत एक डॉलर, सोबत करार: याच्या आधीचं दुसरं कुठलं विमान माणसासह उडण्यास समर्थ होतं असं संस्थेने म्हटलं, तर वारस विमान परत घेऊ शकतात. पाटीवरच्या एका वाक्याने विमान समुद्रापार जाऊ शकतं, हे ठाऊक असलेल्यांनी केलेला करार आहे तो.

दुपारी वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या लांबरुंद हिरवळीवरचं राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालय. फ्लायर जमिनीच्या पातळीवर आहे, आणि घाई नसेल तर तासभर सहज जातो. पंखविस्तार ४० फूट ४ इंच, वजन ६०५ पौंड. समोरून दोन्ही पंख डोळ्यांनी मोजावेत: उजवा पंख चार इंच लांब आहे. इंजिन चालकाच्या उजवीकडे होतं आणि चालकापेक्षा जड होतं. त्या जादा वजनासाठी जादा पंख. मग पंख्यांकडे जाणाऱ्या चेनी बघा. दोन पंखे उलट दिशांना फिरवायचे, इंजिन एक. उपाय सायकलवाल्याचाच: एका चेनीला आठाच्या आकड्यासारखा पीळ, आणि ती फडफडू नये म्हणून नळीतून नेलेली. कापडाचे धागे पंखावर तिरपे आहेत. ताग्यातून सरळ न ताणता तिरपं ताणलं की कापडच पंखाला तिरक्या तारेसारखं आवळून धरतं.

मूळ किती? सांगाड्याचं लाकूड बहुतेक मूळ. कापड मूळ नाही: ऑर्व्हिल यांनी १९२७ मध्ये ते बदललं, १९८५ मध्ये पुन्हा बदललं गेलं. इंजिनाचा मूळ क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला दिले ते परत आलेच नाहीत. उसनं दिलेलं परत येत नाही, हा अनुभव संग्रहालयांनाही नवा नाही. १९१३ च्या डेटनच्या पुरात विमानाच्या पेट्या चिखलात बुडाल्या होत्या. त्याच पुरात पहिल्या उड्डाणाच्या फोटोची काचेची प्लेटही भिजली. एक कोपरा गेला, चित्र वाचलं. ती आता काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे.

याच इमारतीत लिंडबर्ग यांचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुई’. १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून साडेतेहतीस तास उडून ते पॅरिसला उतरलं तेव्हा गर्दीने आठवण म्हणून कापडाचे तुकडे फाडून नेले. वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांचं लाल व्हेगा विमानही इथेच. १९३२ मध्ये त्यांनी ते एकटीने अटलांटिकपार नेलं.

सातवा दिवस: आर्लिंग्टन, मग दक्षिणेला

सकाळी आर्लिंग्टन दफनभूमी, एकाच थडग्यासाठी: लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. १७ सप्टेंबर १९०८ ला शेजारच्या फोर्ट मायरवर ऑर्व्हिल यांच्यासोबत ते उडाले. पंख्याचं एक पातं उभं चिरलं आणि त्याचा रेटा गेला. दोन पात्यांत ओढ सारखी न राहिल्याने थरथर सुरू झाली, आधार ढिले झाले आणि पातं मागच्या सुकाणूच्या तारेला लागलं. तार तुटली, सुकाणू पडलं, विमान नाकावर आलं. ऑर्व्हिल यांची मांडी आणि बरगड्या मोडल्या, सेल्फ्रिज गेले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मरण पावलेले ते पहिले. जवळच्या फाटकाला त्यांचं नाव आहे. माहिती केंद्रात थडग्याचा नेमका क्रमांक मिळतो.

नंतर सुमारे २७० मैल, पाच तास. उन्हाळ्यातल्या शनिवारी सात. भाड्याची घरं शनिवारी बदलतात आणि पुलांवर रांगा लागतात. आठवड्याच्या मधला दिवस धरावा.

रात्री मुक्कामावर जमवलेलं आवरून घ्यावं. पाकिटं, तिकिटं, पोस्टकार्डं पीव्हीसीच्या चकचकीत कव्हरात घालू नयेत. त्यातला मऊपणा आणणारा द्रव सुटतो आणि शाई चिकटून निघते. पॉलिस्टरची कव्हरं घ्यावीत. सेलोटेप, रबरबँड, लॅमिनेशन तिन्ही वर्ज्य. ६ सेंटचं राइट बंधूंचं हवाई टपालतिकीट १७ डिसेंबर १९४९ ला किटी हॉकला निघालं. त्याची पहिल्या दिवसाची पाकिटं अजून सर्रास मिळतात आणि सुरुवात करायला चांगली. विमानाची जुनी घड्याळं, उंचीमापकं घेणाऱ्यांनी मात्र आकडे पिवळट-तपकिरी दिसले तर काच उघडू नये. तो रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे निर्धोक, हा गैरसमज आहे: चमकणारा पदार्थ काही वर्षांत थकतो, रेडियम मात्र १,६०० वर्षांनी निम्मं होतं. मूळ काच शाबूत ठेवायची, आणि तडकलेलं असेल तर घ्यायचंच नाही.

आठवा दिवस: किटी हॉक आणि किल डेव्हिल हिल्स

सकाळी आधी किटी हॉक गाव, खाडीच्या बाजूला. इथे विल्यम टेट यांचं घर होतं, आणि १९०० मध्ये विल्बर यांनी पहिल्या ग्लायडरची जोडणी त्यांच्याच अंगणात केली. शिवण टेटबाईंच्या शिलाई मशीनवर झाली. काम संपल्यावर ग्लायडर टाकून दिलं, तेव्हा टेटबाईंनी पंखांचं साटीन काढून मुलींचे फ्रॉक शिवले. आज त्या साटीनचा वीतभर तुकडा संग्रहालयात काचेखाली गेला असता. १९२८ मध्ये गावकऱ्यांनी पैसे जमवून इथे छोटा दगड उभारला. मोठं स्मारक नंतरचं.

मग चार मैल दक्षिणेला राष्ट्रीय स्मारक. पायवाट सोडू नये; गवतात काटेरी बी आणि निवडुंग आहे, चपलेतून आरपार जातं. माहिती केंद्र १९६० चं आहे आणि आतलं विमान प्रतिकृती आहे. टेकडी ९० फुटी, वर ६० फुटी ग्रॅनाइटचा मनोरा. १४ नोव्हेंबर १९३२ ला अनावरण झालं, ऑर्व्हिल यांच्यासमोर. दोरी ओढली वैमानिक रूथ निकोल्स यांनी. पण ही टेकडी मुळात वाळूची, आणि वाऱ्याने सरकणारी. १९०३ पासून ती शेकडो फूट हलली होती. वर दगड ठेवायचा तर आधी तिला थांबवणं भाग होतं, म्हणून १९२९ पासून सैन्याने गवत लावून ती जागच्या जागी बसवली. गवतावरून चालायला मनाई आहे ती याच कारणाने.

सपाटीवर जिथून विमान निघालं तिथला मोठा दगड १९२८ चा. १९०३ च्या हजर साक्षीदारांपैकी जे हयात होते त्यांना आणून जागा नक्की केली गेली. तिथून पुढे चार लहान दगड: १२०, १७५, २०० आणि ८५२ फुटांवर. पहिल्या तीन दगडांपर्यंत मिनिटभरात पोचतो. तिसऱ्यापासून चौथा मात्र डोळ्यांना लांब वाटतो, आणि त्या दिवशीचा खरा निकाल त्या मोकळ्या पट्ट्यात आहे. पहिलं उड्डाण १० वाजून ३५ मिनिटांनी, १२ सेकंद. चौथं ५९ सेकंद. तोंडावर ताशी वीस मैलांहून जास्त वारा होता. म्हणून जमिनीवरचा वेग माणसाच्या धावण्याइतकाच दिसतो. हवेतला मोजायचा तर वाऱ्याचा वेग त्यात मिळवावा लागतो.

चौथ्या उड्डाणानंतर विमान उचलून परत तळाशी आणलं आणि सगळे बोलत उभे होते, तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने ते उलथलं. फोटोचा चाप दाबणारे जॉन डॅनियल्स खांबाला धरून राहिले आणि विमानासोबत गडगडत गेले. त्यांना खरचटण्यावर निभावलं. विमान पुन्हा उडालं नाही. दोघांनी ते सुटं केलं, पेट्यांत भरलं आणि डेटनला पाठवलं.